आरशाचे खाकरणे

जुन्या वस्तूची बाजू घेऊन कोणी लिहू लागला की, हा गृहस्थ आता आपल्या तारुण्याचे श्राद्ध घालणार, असा वाचकांस संशय येतो. आणि तो बहुधा खोटाही ठरत नाही. बोरूपासून पाट्यावरवंट्यापर्यंत ज्या ज्या वस्तू आमच्या घरांतून गेल्या, त्यांपैकी बहुतेकींच्या वाट्याला असे एखादे करुण प्रकरण आलेले आहे. म्हणून आरंभीच सांगून टाकणे बरे की, ज्या जुन्या वस्तूविषयी आज आम्हांस चार शब्द लिहावयाचे आहेत, ती अद्याप वीस वर्षांचीही नाही. तो २०१० साली बाजारात आलेला एक कॅमेरा आहे. आणि ज्या नव्यापुढे तो जुना ठरला, तो २०१७ साली आलेला आहे. दोघांत अंतर अवघ्या सात वर्षांचे. एवढ्या काळात आमच्या विद्यापीठाचा एखादा अभ्यासक्रमदेखील बदलत नाही. पण यंत्रांच्या जगात सात वर्षांत आजोबा होता येते.

जुना कॅमेरा निकॉनचा डी३१००. डीएसएलआर जातीतील ही अगदी पहिली पायरी; नवशिक्याने हात बसविण्यासाठी घ्यावी अशी. आम्ही तो २०११ साली घेतला, तेव्हा आमची कन्या शाळेच्या शेवटच्या वर्गात होती. नवा कॅमेरा फुजीफिल्मचा एक्स-ई३. तो मिररलेस म्हणजे आरसा नसलेल्या जातीचा असून, २०१८ साली कन्येने आपल्या पहिल्या वर्षाच्या पगारातून घेतला. दोघेही आमच्या कपाटाच्या एकाच फळीवर राहतात. एका म्यानात दोन तरवारी राहत नाहीत, हे शास्त्र कन्येस लहानपणी आम्हीच शिकविले होते. ते तिने गेल्या दिवाळीच्या आवराआवरीत आमच्यावरच उलटविले आणि जुना कॅमेरा कोणा होतकरू मुलास देऊन टाकावा असा प्रस्ताव मांडला. प्रस्ताव उदार होता, तर्कशुद्धही होता. तथापि तीस वर्षे उत्तरपत्रिका तपासण्यात गेलेला मनुष्य दोन्ही उत्तरे वाचल्यावाचून गुण देत नाही. तेव्हा आम्हीही दोघांची परीक्षा घ्यावयाचे ठरविले.

प्रथम त्यांच्या पोटात काय चालते ते पाहू. जुन्या कॅमेऱ्यात भिंगामागे एक लहानसा आरसा पंचेचाळीस अंशांत तिरपा बसविलेला असतो. भिंगातून आलेला उजेड त्यावर आपटून वर जातो, वरच्या घुमटातील आरशांवरून फिरतो आणि मागल्या खिडकीतून आपल्या डोळ्यांत उतरतो. बटण दाबले की आरसा खटकन वर उचलला जातो, पडदा सरकतो, उजेड सेन्सरवर पडतो, आणि लगेच आरसा खाली येऊन जागेवर बसतो. ही युक्ती फार जुनी आहे. टॉमस सटन या इंग्रज गृहस्थाने एकाच भिंगातून पाहण्याच्या व टिपण्याच्या कॅमेऱ्याचे पेटंट १८६१ सालीच घेतले होते. पुढे जर्मनीत १९३६ साली किने एक्झाक्टा या कॅमेऱ्याने ती पस्तीस मिलिमीटरच्या फिल्मवर आणली. आणि १९५४ साली जपानच्या असाही कंपनीने आरसा आपण होऊन तत्काळ खाली परतेल अशी सोय केली. तोवर त्या जातीच्या बहुतेक कॅमेऱ्यांत फोटो काढला की खिडकी अंधारी होई, ती पुढच्या फोटोसाठी कळ फिरवीपर्यंत.

नव्या कॅमेऱ्यात हा सारा खटाटोप नाही. भिंगातून आलेला उजेड थेट सेन्सरवर पडत राहतो, आणि सेन्सरला जे दिसते ते एका चिमुकल्या पडद्यावर आपल्या डोळ्यांपुढे मांडले जाते. आरसा गेला, त्याला उचलण्याची जागा गेली, वरचा घुमट गेला. निकॉनमध्ये भिंगाच्या बैठकीपासून सेन्सरपर्यंत साडेसेहेचाळीस मिलिमीटरांचे अंतर ठेवावे लागते, ते फुजीच्या या जातीत १७.७ मिलिमीटरांवर आले. नव्या कॅमेऱ्याच्या सडपातळपणाचे रहस्य ते हेच. त्याने उपास केलेला नाही, त्याच्या पोटातील एक अवयव काढलेला आहे. पॅनासॉनिकने २००८ साली जी१ हा कॅमेरा आणून या शस्त्रक्रियेस आरंभ केला, आणि तेव्हापासून आरशाचे दिवस भरत आले. निकॉनच्या ज्या ओळीत आमचा डी३१०० जन्मला, ती ओळ २०१८ च्या डी३५०० वर येऊन संपली.

आता गुण. वजनाच्या प्रश्नात नव्याने जुन्यास पार चीत केले. डी३१०० बॅटरी व कार्ड धरून ५०५ ग्रॅम, आणि त्याच्याबरोबर मिळालेले भिंग २६५ ग्रॅम. म्हणजे पाऊण किलोहून थोडे अधिकच. एक्स-ई३ ३३७ ग्रॅम, आणि कन्येने त्यास लावलेले २७ मिलिमीटरचे चपटे भिंग ७८ ग्रॅम. तुलना पुरती न्याय्य नाही हे आम्ही जाणतो. जुन्याचे भिंग पुढेमागे होऊन दूरचे जवळ आणते, नव्याचे जागचे हलत नाही. पण पन्नाशी उलटलेल्या खांद्याला न्यायशास्त्र कळत नाही, ग्रॅम कळतात. जुन्याच्या सेन्सरवर एक कोटी बेचाळीस लाख ठिपके, नव्याच्या सेन्सरवर दोन कोटी त्रेचाळीस लाख. जुना अकरा जागी नजर रोखू शकतो, नवा ३२५ जागी. शिवाय समोर माणसाचा चेहरा आहे हे नव्यास आपले आपण कळते, व चेहऱ्यातला डोळाही तो शोधून काढतो. संध्याकाळच्या घरातील अंधुक उजेडात जुन्याची चित्रे रव्यासारखी दाणेदार होतात. नवा तेथे स्वच्छ पाहतो.

जुन्याच्या पदरात पडलेले गुण थोडे, पण वाटतात तितके थोडे नव्हेत. कंपन्यांनी जाहीर केलेल्या मापाप्रमाणे त्याची बॅटरी एका दमात ५५० फोटो काढते, नव्याची ३५०. कारण जुन्याच्या खिडकीस वीज लागत नाही, तेथे पाहण्याचे काम उजेड फुकट करून देतो. ठिपक्यांचे म्हणाल, तर भिंतीवर लावावयाचा आठ इंच रुंद व दहा इंच उंच फोटो उत्तम छापावयाचा झाल्यास इंचाला तीनशे ठिपके पुरतात. म्हणजे दोन हजार चारशे गुणिले तीन हजार, एकूण बहात्तर लाख. त्याच्या जवळजवळ दुप्पट जुन्याजवळ आहेत. दोघांच्या सेन्सरचे क्षेत्रफळही जवळजवळ सारखेच. भर दुपारी अंगणात काढलेले दोघांचे फोटो छापून समोर ठेवले असता कोणता कोणाचा हे कन्येस ओळखता आले नाही, आणि आम्हांसही नाही. तरीही बेरीज केली तेव्हा नवा पुष्कळ पुढे होता. येथे हा निबंध संपावयास हरकत नव्हती. परंतु काही गोष्टी गुणपत्रिकेच्या रकान्यांत बसत नाहीत, आणि त्याच आम्हांस महत्त्वाच्या वाटू लागल्या.

पहिली गोष्ट खिडकीची. जुन्याच्या खिडकीतून दिसते ती वस्तू. नव्याच्या खिडकीतून दिसते ते वस्तूचे चित्र. जुन्यात पाहताना फोटो काळा येणार की पांढरा पडणार याचा अंदाज मनाशी बांधावा लागतो. नव्यात तो आधीच दिसतो. जेवणाचे ताट वाढण्यापूर्वीच चव सांगणाऱ्या आचाऱ्यासारखा हा कॅमेरा. शिकाऊ माणसास याचा उपयोग मोठा, हे नाकबूल करण्यात अर्थ नाही. कन्या ज्या गोष्टी एका सुट्टीत शिकली त्या शिकण्यास आम्हांस तीन पावसाळे लागले. पण जुन्याची एक खोड विचार करण्यासारखी आहे. ज्या क्षणी फोटो निघतो, नेमक्या त्याच क्षणी आरसा वर गेलेला असल्यामुळे खिडकी अंधारी होते. जो क्षण कायमचा ठेवावयाचा, तो ठेवणाऱ्यास दिसत नाही! त्याने आधी पाहावे, मग जाणावे, आणि शेवटी डोळे मिटून विश्वास टाकावा, असा त्या यंत्राचा संकेत आहे.

दुसरी गोष्ट आवाजाची, आणि आमच्या मते सर्वांत मोठी. जुन्याचा आरसा उठतो-बसतो तेव्हा चांगला खोलीभर ऐकू जाईल असा खटका होतो. त्यात आवाज कमी करण्याची एक सोय आहे. तिने बटण दाबून धरलेले असेपर्यंत आरसा खाली बसत नाही. म्हणजे तो आवाज थोडा लांबविता येतो, गिळता येत नाही. नव्यात मात्र विजेचा पडदा निवडला की काहीच ऐकू येत नाही. बटणावर बोट टेकले, आणि समोरचे माणूस चित्रात गेले. त्यास वार्ताही नाही.

हा खटका ऐकला की आम्हांस जुन्या वाड्यांतील एक रीत आठवते. ओसरीवरून माजघरात जाताना घरातील पुरुष उंबऱ्याशी अंमळ थांबून खाकरत असे. त्याच्या घशास काही झालेले नसे. आत कोणी केस विंचरीत असेल, कोणी तान्ह्यास पाजीत असेल, कोणी नुसतेच भिंतीस टेकून डोळे पुशीत असेल. त्या सर्वांस आपापल्या मुद्रेवर येण्यास दोन पळे मिळावीत, एवढाच त्या खाकरण्याचा अर्थ. आरशाचा खटका म्हणजे कॅमेऱ्याचे खाकरणे आहे. तो पहिल्या फोटोच्या आधी होत नाही, हे खरे. पण पहिल्या खटक्याने घरभर कळते की कॅमेरा बाहेर निघाला आहे, आणि दुसरा फोटो चोरून काढता येत नाही.

हा दृष्टांत आम्ही मोठ्या समाधानाने कन्येस ऐकविला. ती म्हणाली, “बाबा, पुरुष खाकरत तेव्हा पदर बायकांनाच सावरावा लागे ना? मग सोय कोणाची झाली?” प्रश्न बिनतोड होता. ज्या घरात केस विंचरणाऱ्या बाईस आवाज ऐकून सावध व्हावे लागते, ते घर फारसे तिचे नव्हेच, हे आम्हांस मान्य आहे. परंतु खाकरण्याची रीत गेली म्हणून उंबरा गेला असे होत नाही. प्रत्येक मनुष्यास, मग ती स्त्री असो वा पुरुष, दुसऱ्याच्या नजरेपुढे येण्याआधीची दोन पळे हवी असतात. रीत मोडली ती ठीक. ती दोन पळे कोठे गेली, एवढेच आम्ही विचारीत होतो.

इतिहास पाहिला तर ही दोन पळे हळूहळू आटत गेलेली दिसतात. आमच्याकडे फोटोग्राफी फार लवकर आली. मुंबईत १८५४ सालीच तिची सोसायटी स्थापन झालेली होती, आणि डॉ. भाऊ दाजी यांचे बंधू नारायण दाजी हे त्या काळचे नाणावलेले फोटोग्राफर होते. त्या दिवसांत चित्र उमटण्यास काही सेकंद लागत. बसणाऱ्याने हालचाल केली की चित्र बिघडे. मान हलू नये म्हणून मागून लोखंडी आधार लावीत. त्या फोटोंतील माणसे इतकी गंभीर का दिसतात, असे मुले विचारतात. त्याचे एक कारण हे. पण त्याचाच दुसरा अर्थ असा की, बसणाऱ्याच्या संमतीवाचून, किंबहुना त्याच्या मेहनतीवाचून, त्याचा फोटो निघणेच अशक्य होते. पुढे सेकंदाचा शंभरावा भाग पुरू लागला. मेहनत गेली, पण खटका राहिला. आता खटकाही गेला. खिशातील फोन जो आवाज करतो तो नोंदवून ठेवलेला नकली आवाज असून, बहुतेक ठिकाणी तो बंद करता येतो. जपानात मात्र तेथे विकल्या जाणाऱ्या फोनचा हा आवाज बंद होऊ नये अशी प्रथा कंपन्यांनी पाडली आहे; कारण चोरून फोटो काढणारे लोक. ज्या देशाने आरसा परत आणण्याची युक्ती रूढ केली, त्यालाच आवाजही परत आणावा लागला, ही मौज ध्यानात ठेवण्यासारखी आहे.

नि:शब्दतेचा महिमा आम्ही जाणत नाही असे नाही. पुण्यात १९५३ पासून चालत आलेल्या सवाई गंधर्व महोत्सवात किंवा एखाद्या घरगुती बैठकीत गवयाने विलंबित ख्यालाचा पहिला स्वर लावावा, तंबोरे जुळून एक झालेले असावेत, आणि त्याच वेळी शेजारी कोणाचा आरसा खटकन उडावा, यासारखा रसभंग नाही. तेथे खाकरणे हाच असभ्यपणा होय. झोपलेले मूल, घरट्यावरचा पक्षी, चालू असलेले व्याख्यान, या सर्व ठिकाणी नवा कॅमेराच सज्जन ठरतो. अर्थात त्याच्या मौनाचीही किंमत आहे. विजेच्या पडद्याने सेन्सर एकदम न वाचता ओळीओळीने वाचला जातो, म्हणून वेगाने फिरणाऱ्या पंख्याची पाती चित्रात वाकडी होतात आणि काही दिव्यांच्या उजेडात भिंतीवर पट्टे उमटतात. परंतु हे दोष यंत्राचे आहेत. उद्याचे यंत्र ते दूर करील. आमची शंका यंत्र निर्दोष झाल्यावरही उरणारी आहे.

तिचे कारण आमच्या मातोश्री. त्यांचे वय आता शहाऐंशी. काही दिवसांपूर्वी त्यांनी जेवताना, भाताबरोबर लिंबू मागावे इतक्या सहजपणे विचारले, “माझ्यामागे भिंतीवर कोणता फोटो लावणार आहात?” असे प्रश्न त्यांच्या पिढीस अशुभ वाटत नाहीत, ते ऐकून ज्यांचा घास अडतो ती पिढी आमची. कन्येने उठून दोन फोटो आणले.

एक आम्ही २०१४ साली जुन्या कॅमेऱ्याने काढलेला. गॅलरीत खुर्ची मांडून तयारी केली तेव्हा मातोश्री “थांब जरा” म्हणून आत गेल्या. तोंड धुऊन, केस चापून बसवून, ठेवणीतले इरकली लुगडे नेसून पंधरा मिनिटांनी बाहेर आल्या. खुर्चीत ताठ बसल्या. हात मांडीवर एकावर एक ठेवले, आणि भिंगाकडे अशा पाहिल्या की जणू ते भिंग पुढे कोणकोण पाहणार आहे याची त्यांस कल्पना होती. आरसा खटकला. “झाला का?” असे विचारून त्या उठल्या. त्या एका खटक्याने व्यवहार पुरा झाला, देणाऱ्याने दिले व घेणाऱ्याने घेतले.

दुसरा फोटो कन्येने गेल्या वर्षी नव्या कॅमेऱ्याने काढलेला. दुपारची वेळ, स्वयंपाकघराच्या दारात मातोश्री ताटात तांदूळ निवडीत बसल्या आहेत. चष्मा नाकाच्या शेंड्यावर आला आहे, पदर खांद्यावरून घसरला आहे, केसांची पांढरी बट कपाळावर आहे, आणि ओठ काहीतरी पुटपुटत अर्धवट उघडे आहेत. उजेड ताटावरून त्यांच्या हनुवटीवर चढला आहे. चित्र म्हणून पाहिले तर हे दुसरे कितीतरी श्रेष्ठ. आम्हांस असे एक चित्र जन्मात साधलेले नाही. त्यात त्या जशा आहेत तशा आहेत, असे कन्येचे म्हणणे.

मातोश्रींनी दोन्ही फोटो चष्मा पुसून पाहिले. दुसऱ्यावर त्या पुष्कळ वेळ थांबल्या. मग आम्हांस म्हणाल्या, “हा तिने काढला. तो मी काढू दिला.” आणि इरकली लुगड्यातला फोटो आमच्याकडे सरकवून, “हा बाहेरच्या खोलीत लावा. तो चांगला आहे, पण तो घरातल्या घरात ठेवा.”

कन्येने वाद केला नाही. पण रात्री आमच्याजवळ तिने आपली बाजू मांडली, व ती दुबळी नव्हती. पोशाख करून ताठ बसलेली आजी हे एक सोंग आहे, ती जगाला दाखवावयाची आजी. तांदूळ निवडणारी आजी खरी. ती ज्या आजीला आठवणार ती हीच. सत्य बेसावधपणी सापडते, असा आजच्या बहुतेक फोटोग्राफरांचा सिद्धांत आहे. आम्हांस तो निम्मा पटतो. बेसावध माणूस खरा, हे ठीक. पण सावध माणूस खोटा हे कोणी ठरविले? मनुष्याने आपल्याविषयी जे मत करून घेतले असते, ज्या रूपाने आपण मागे उरावे असे त्यास वाटते, तेही त्याच्या स्वभावाचाच भाग आहे. सहा दशके ज्या बाईने दुसऱ्यांसाठी तांदूळ निवडले, तिला ताठ बसण्याची पंधरा मिनिटे आपल्या हक्काची वाटत असतील, तर त्यांस सोंग म्हणण्याचा अधिकार आमचा नव्हे.

एवढ्यावरून जुना कॅमेरा थोर व नवा हलका असा निकाल आम्ही देत नाही. तसा दिला तर वाचकांचा आरंभीचा संशय खरा ठरेल, आणि शिवाय तो निकाल चुकीचा होईल. आरशास सभ्यता ठाऊक नव्हती. त्याच्या अंगी ती अडचण म्हणून आलेली होती. जोवर यंत्र आपण होऊन आवाज करीत होते, तोवर सभ्यतेचे ते काम आम्हांस करावे लागले नाही, आणि आम्ही ते आपलेच समजून बसलो. आता यंत्र मुके झाले. तेव्हा ते काम ज्याचे त्याच्याकडे परत आले आहे. नव्या कॅमेऱ्यात खरा यांत्रिक पडदाही आहेच. तो निवडला की हलका का होईना, टक् असा आवाज येतो. घरात व गावात माणसांचे फोटो काढताना तो पडदा ठेवावा आणि गाण्यात, पाखरांत, झोपलेल्या मुलांपाशी मुका करावा, असे कन्येने व आम्ही मिळून ठरविले आहे. आणि पडद्यापेक्षाही सोपा उपाय म्हणजे, कॅमेरा डोळ्यास लावण्यापूर्वी तोंडाने विचारणे.

जुना कॅमेरा कोणास द्यावा याचाही निर्णय झाला. आमच्या कॉलेजातील एका विद्यार्थ्यास फोटो काढावयास शिकावयाचे आहे, आणि नवा घेण्याजोगी त्याची परिस्थिती नाही. पुढील महिन्यात तो भिंगासकट त्याच्याकडे जाईल. वजनाची तक्रार करण्याइतका तो म्हातारा नाही. प्रथम घरातल्या कोणा वडीलधाऱ्याचा फोटो काढ, आणि ते “थांब जरा” म्हणाले तर थांब, एवढे मात्र आम्ही त्यास सांगणार आहो.